जालना शहराचा पाणीपुरवठा आणि ऊर्जाबचत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या ऊर्जाबचतीचा विचार सामान्यतः ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ पासून केला जातो. जालन्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास मात्र हा विचार त्याही मागे नेतो.

घाणेवाडी ते जायकवाडी : निजाम राजवटीत, १९३० च्या दशकात, कुंडलिका नदीवर घाणेवाडी जलाशय बांधण्यात आला. तो शहरापेक्षा उंचावर असल्याने त्याचे पाणी विजेवाचून, केवळ उताराने शहरात येते. २०१२-१३ च्या दुष्काळात हा जलाशय आटला. शहरासाठी गोदावरीवरील जायकवाडीचे पाणीही आणण्यात आले. परंतु ते पंपाने उचलावे लागते. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलण्यास किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंप व जलवाहिनीतील हानी त्यात धरलेली नाही. अशा रीतीने पाण्याचा प्रश्न हा वीजदेयकाचाही प्रश्न बनला.

शासकीय धोरण : १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाणीपुरवठा व पथदिवे या विषयांचा समावेश बाराव्या अनुसूचीत झाला. २०१५ मध्ये एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. दिव्यांतील बदल नागरिकांच्या दृष्टीस पडतो; पंपगृहातील अपव्यय पडत नाही.

निष्कर्ष : घाणेवाडीतील गाळ काढणे हे जलसंधारणाइतकेच ऊर्जासंवर्धनाचेही कार्य होय. तेथे साठलेले प्रत्येक लिटर पाणी गोदावरीतून उचलावे लागत नाही. २०२३ मध्ये स्थापन झालेल्या जालना महानगरपालिकेच्या ऊर्जा लेखापरीक्षणात पंपांच्या कार्यक्षमतेबरोबर हा हिशेबही मांडला जाणे आवश्यक आहे.