चेंडू, ससा आणि हॅरी पॉटर

२००७ सालची गोष्ट. मी तेव्हा पाचवीत होतो. हॅरी पॉटरचा सातवा भाग २१ जुलैला जगभर एकाच वेळी येणार होता आणि वर्गातला एक मित्र त्याच्या वडिलांबरोबर सकाळी सकाळी दुकानाबाहेर रांग लावणार होता. मी घरी विषय काढला. बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता निकाल दिला, "सगळी जाहिरातबाजी आहे. पुस्तकासाठी कुणी रांग लावतं का?" झालं, विषय संपला!

परवा भाचीच्या वाढदिवसासाठी पुस्तक घ्यायला गेलो, तर पुस्तकाबरोबर प्लॅस्टिकचा डायनासोर फुकट. माझ्या तोंडून आपसूक बाबांचंच वाक्य निघालं. मग वीकएंडला जरा शोधाशोध केली, तर ही युक्ती चांगली पावणेतीनशे वर्षांहून जुनी निघाली.

लंडनच्या जॉन न्यूबेरी या प्रकाशकाने १७४४ मध्ये मुलांसाठी 'अ लिट्ल प्रिटी पॉकेट-बुक' काढलं. नुसतं पुस्तक ६ पेन्सला, आणि मुलासाठी चेंडू किंवा मुलीसाठी पिनकुशन हवं असेल तर ८ पेन्सला. म्हणजे चक्क कॉम्बो ऑफर! चेंडू अर्धा लाल, अर्धा काळा. चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या. गंमत बघा, खेळणं पोरांसाठी आणि शिस्त आईबापांसाठी. वाचणारा एक आणि पाकीट उघडणारा दुसरा, ही या धंद्यातली खरी मेख त्याने पक्की ओळखली होती.

गडी तेवढ्यावर थांबला नाही. तो तापावरची डॉ. जेम्स यांची पावडरही विकायचा. त्याने १७६५ मध्ये काढलेल्या 'गुडी टू-शूज'मध्ये नायिकेचा बाप तापाने मरतो. का? तर तिथे ती पावडर मिळत नव्हती म्हणून!! आपल्याला वाटतं सिनेमात कोल्ड्रिंकची बाटली दाखवणं ही आजकालची फॅशन.

आता बिअ‍ॅट्रिक्स पॉटरबाई. पीटर रॅबिटची गोष्ट त्यांनी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पत्रात लिहून पाठवली होती. पुढे प्रकाशकांनी नकार दिला, तेव्हा १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने २५० प्रती छापल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने ते रंगीत चित्रांसह काढलं आणि १९०३ मध्ये बाईंनी पीटरच्या बाहुलीचं पेटंटही घेतलं. पण अमेरिकेत कॉपीराइटची नोंद करायची राहून गेली आणि तिथे चोरून छापणार्‍यांचं फावलं. आधी गोष्ट, मग वाचक, मग बाहुली हा क्रम मात्र लक्षात ठेवा.

हॅरीचंही तेच. बर्‍याच प्रकाशकांनी नाकारल्यावर १९९७ मध्ये ब्लूम्सबरीने पहिला भाग काढला, तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या प्रती होत्या फक्त ५००. बाईने लिहिलेलं पुस्तक मुलगे वाचतील का, या शंकेने लेखिकेचं नाव 'जे. के.' करून टाकलं. हे मार्केटिंगच, पण तेव्हा रांग कुठे होती? दहा वर्षांनी सातवा भाग आला तेव्हा ठरलेल्या मिनिटाआधी खोकी उघडायची नाहीत असे करार दुकानांशी झाले होते, आणि एकट्या अमेरिकेत पहिल्या २४ तासांत ८३ लाख प्रती खपल्या. ही दहा वर्षं पोरं एकमेकांना "वाचलंस का?" विचारत होती, म्हणून त्या खोक्यांना किंमत आली. शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्यच.

तर बाबांचं अर्धं बरोबर होतं. जाहिरातबाजी होतीच. फक्त ती पुस्तक घरापर्यंत आणते. तेच पुस्तक पोराने दहाव्यांदा मागणं तिच्या हातात नसतं. न्यूबेरीचं चेंडूवालं पुस्तक आज अभ्यासकच उघडतात, पीटर ससा मात्र अजून पोरांच्या उशाशी आहे.

सातवा भाग मला दोन वर्षांनी मिळाला. त्याच मित्राची प्रत, कव्हर गायब, मधली पानं सेलोटेपने चिकटवलेली. अर्ध्या वर्गाच्या हातून गेली होती ती.

असो. भाचीला डायनासोरवालंच पुस्तक घेतलंय. पुढच्या महिन्यात ताईकडे जाणार आहे. पुस्तक आणि डायनासोर, दोघांपैकी पलंगाखाली कोण गेलंय ते बघतो :)