चिपाड, मळी आणि उसाचा हिशेब

एक टन ऊस गाळला की साखर मिळते साधारण शंभर-सव्वाशे किलो. मागे राहतो तो 280 ते 300 किलो ओला भुसा, म्हणजे बगॅस, 40 ते 45 किलो मळी आणि तीस-चाळीस किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळताना साचणारा चिखल. महाराष्ट्राच्या साखर धंद्याचा इतिहास सहसा पोत्यांच्या आकड्यांत सांगितला जातो. या उरलेल्या मालावरून पाहिला, तर तो अधिक नीट कळतो.

उरलेल्या मालाचे काय करायचे, हा प्रश्न गुऱ्हाळाला कधी पडलाच नाही. चरकातून निघालेले चिपाड उन्हात वाळवून चुलवणात घालायचे आणि त्याच जाळावर काहिलीतला रस आटवायचा, राख शेतात टाकायची. सगळा रस गुळात किंवा काकवीत जाई, त्यामुळे मळी उरत नसे.

1932 मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि वालचंदनगर, माळीनगर असे कारखाने उभे राहिले. कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढले की काळा, दाट द्रव उरतो, ती मळी. तिच्यात निम्म्याच्या आसपास शर्करा असते, पण तिचे दाणे करणे परवडत नाही. थोडी गुरांच्या खाद्यात आणि तंबाखूत खपे, बाकीच्या मळीची विल्हेवाट ही डोकेदुखी होती. यीस्ट घालून आंबवली की तिचे अल्कोहोल होते, हे ठाऊक होतेच. ते मोटारीच्या इंधनात मिसळण्याचा कायदा 1948 मध्ये झाला, पण प्रत्यक्षात फारसे काही घडले नाही. त्यातच मुंबई प्रांतात 1949 चा दारूबंदी कायदा आला आणि अल्कोहोलच्या प्रत्येक थेंबावर सरकारी नजर बसली.

वाट काढली ती रसायन उद्योगाने. अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल, इथिल ॲसिटेट अशी रसायने होऊ लागली; कोपरगाव तालुक्यातली साकरवाडी पुढे यासाठीच ओळखली गेली. बंगालमधल्या रिश्र्यात अल्कोहोलपासून पॉलिथीन होई, बरेलीला 1963 पासून कृत्रिम रबर. नंतर खनिज तेलातल्या नाफ्त्यावरचे कारखाने आले आणि हा मार्ग अरुंद झाला. तरीही, गोदाकाठच्या मळीतून औषध आणि रंग उद्योगांचा कच्चा माल निघू शकतो हे तोवर सिद्ध झाले होते.

बगॅसची कथा उलटी आहे. ते बॉयलरमध्ये जळे, पण शिल्लक राहिले तर ढीग साचतील आणि आगी लागतील, म्हणून बॉयलर मुद्दामच कमी कार्यक्षम ठेवत. उपयोगाची वस्तू केवळ नाहीशी करण्यासाठी जाळणे, ही त्या काळातली सर्वांत मोठी नासाडी म्हणावी लागेल. ग्रिडला वीज विकता येऊ लागली, उच्च दाबाचे बॉयलर बसले आणि तेच बगॅस सहवीजनिर्मितीचे इंधन ठरले.

मात्र एक देणे उरले. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तांबूस-काळा, दुर्गंधीयुक्त असा हा द्रव ओढ्यात शिरला की पाण्यातला प्राणवायू संपतो. डिस्टिलऱ्यांच्या आसपासच्या अनेक गावांनी विहिरींचे पाणी बदललेले पाहिले. आता त्यातून बायोगॅस काढतात, प्रेसमडवर शिंपडून खत करतात किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळतात. हे जिथे नेटाने होत नाही, तिथे प्रगतीची किंमत शेजारचा शेतकरीच मोजतो.

2003 मध्ये काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. 2018 पासून बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) आणि थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉललाही वेगळा दर मिळू लागला, आणि कारखान्याचे गणित साखरेकडून डिस्टिलरीकडे झुकले.

उसाच्या दरात मात्र या बदलाचे प्रतिबिंब अर्धेच पडले. 2012 मध्ये रंगराजन समितीने साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या एकूण उत्पन्नातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याला द्यावा, असे सुचवले. महाराष्ट्राने 2013 मध्ये उत्पन्नवाटपाचा कायदाही केला. पण समितीचे ते सूत्र पहिल्या टप्प्यातल्या उपपदार्थांपाशी थांबते. मळीपासूनचे इथेनॉल आणि बगॅसपासूनची वीज त्याच्या बाहेर आहेत.