कुळांनी घडवलेला शब्द

इंग्रजीतले बहुतेक शब्द नेमके कधी जन्मले, हे सांगता येत नाही. ‘बॉयकॉट’ या शब्दाचं मात्र साल, गाव आणि हंगामसुद्धा ठाऊक आहे. आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात, १८८० साली, ऐन सुगीत तो जन्मला.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट मूळचा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. लष्करातली नोकरी सोडून तो आयर्लंडमध्ये राहिला आणि लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी झाला. कुळांकडून खंड वसूल करणं आणि थकबाकीदारांना जमिनीवरून हुसकणं, हे त्याचं काम. १८७९ साली पिकं बुडाली होती. पुढच्या वर्षी जमीनदाराने खंडात दहा टक्के सूट देऊ केली, कुळांनी पंचवीस टक्के मागितली. तडजोड झाली नाही आणि बॉयकॉटने जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच सुमारास, १९ सप्टेंबरला, आयरिश नेते चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल यांनी एनिसच्या सभेत लोकांना नवा मार्ग सांगितला. हुसकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्याशी रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनेच्या जागीसुद्धा कुणी संबंध ठेवू नये. तीनच दिवसांनी नोटिसा बजावणारा माणूस गावात आला, तेव्हा बायकांनी चिखल आणि शेण फेकून त्याला पळवून लावलं. मग पार्नेल यांचं हत्यार कारभाऱ्यावरच चाललं. बॉयकॉटचे गडी आणि नोकर काम सोडून गेले. जवळच्या बॅलिनरोब गावातल्या दुकानदारांनी माल देणं थांबवलं. लोहार आणि धोबीण यांनाही त्याचं काम करू नका, अशी ताकीद मिळाली. लोहाराला तर जिवे मारण्याची धमकी आली.

बॉयकॉटने लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणं मांडलं. त्याची पिकं काढायला उत्तरेकडच्या परगण्यांतून पन्नास स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक. शेतात उभं पीक होतं अंदाजे पाचशे पौंडांचं, ते काढण्याचा खर्च दहा हजारांच्या घरात गेला. २७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंब घर सोडून निघालं, तेव्हा भाड्याची गाडी हाकायला एकही माणूस मिळाला नाही. शेवटी लष्कराच्या रुग्णवाहिकेतून त्यांना जावं लागलं.

एव्हाना शब्द तयार झाला होता. अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथ तिथल्या जॉन ओमॅली या पाद्र्याकडे जेवायला बसले होते. या प्रकाराला काय म्हणावं, हा विचार त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. ग्रीकांपासून चालत आलेला ‘ऑस्ट्रसाइझ’, म्हणजे समाजाबाहेर टाकणं, हा शब्द होता, पण शेतकऱ्यांना तो कळला नसता. ओमॅलींनी सुचवलं की कारभाऱ्याच्या नावाचंच क्रियापद करावं. रेडपाथ यांनी ही हकीकत पुढे लिहून ठेवली. काही महिन्यांतच फ्रेंच आणि जर्मन वर्तमानपत्रांनीही तो शब्द उचलला.

पंचवीस वर्षांनी तो ‘बहिष्कार’ म्हणून आपल्या राजकारणात आला. बंगालच्या फाळणीनंतर स्वराज्य, स्वदेशी आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला टिळकांनी बहिष्काराला चतुःसूत्रीत स्थान दिलं. १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटली.

तरीही या हत्याराला आपल्याकडे एक जुना, क्रूर चेहरा आहे. त्याला गावात वाळीत टाकणं म्हणतात. मेयोत ज्यांच्या हाती काहीच नव्हतं त्यांनी सत्तेच्या माणसाशी व्यवहार तोडला. आपल्याकडे गावाने आणि जातपंचायतीने दुबळ्याचंच पाणी, दुकान, सोयरीक तोडली. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली काढलेल्या पाक्षिकाचं नाव ‘बहिष्कृत भारत’ होतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हायला महाराष्ट्रात २०१६ साल उजाडावं लागलं. त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

बहिष्कार न्याय्य की अन्याय्य, हे त्या शब्दावरून ठरत नाही. दार कोण कुणावर बंद करतंय, हे आधी पाहावं. वरच्याला जाब विचारण्यासाठी असेल तर ते बळ आहे, खालच्याला चिरडण्यासाठी असेल तर तो गुन्हा आहे.