शिवी आणि अश्लीलता : दीडशे वर्षांचा घोळ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना शिकवतो. एकदा एकाच आठवड्यात आमच्याकडे दोन तक्रारी आल्या. एका विद्यार्थ्याचे वडील मुलाचा मोबाईल घेऊन आले. त्यात एक वेब सिरीज चालू होती आणि प्रत्येक वाक्याला आई-बहिणीवरून शिवी होती. "सर, पोरं घरात हेच बोलायला लागलीत," ते म्हणाले. दुसरी तक्रार स्टाफरूममधलीच होती. शाळेच्या लायब्ररीत इस्मत चुगताई यांचा कथासंग्रह आहे, तो काढून टाकावा, असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे होते. दोघांनी शब्द मात्र एकच वापरला : फोहश, म्हणजे अश्लील.

आम्ही दोघांनाही मान डोलावली. नंतर इतिहास चाळला तेव्हा लक्षात आले की, या एका शब्दात आम्ही दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या. हा घोळ आमच्या एकट्याचा नाही. न्यायालयांनाही तो सोडवायला दीडशे वर्षे लागली.

सुरुवात आपल्या घरापासून करू. उर्दू कादंबरीचे जनक मानले जाणारे डेप्युटी नजीर अहमद हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेचा उर्दू तर्जुमा करणाऱ्यांपैकी एक. अश्लील पुस्तकांच्या विक्रीला शिक्षा सांगणारे २९२ वे कलम याच संहितेतले. पुढे त्यांनी 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी लिहिली. तिच्यात नसूह हा दीनदार बाप आपल्या शौकीन मुलाचा, कलीमचा, ग्रंथसंग्रह बिघडवणारा म्हणून जाळून टाकतो. पण काळाचा न्याय असा की, आयुष्याच्या अखेरीस नजीर अहमद यांचेच 'उम्महातुल उम्मह' हे पुस्तक दिल्लीत जाळले गेले. विषय अत्यंत पवित्र होता. आक्षेप होता तो त्यांच्या बोलीभाषेच्या ढंगावर. पुस्तक जाळणारा पुस्तकाची नियत पाहत नाही, शब्द पाहतो, हे त्यांच्याइतके कडवटपणे कोणी अनुभवले नसेल.

इंग्रजांच्या न्यायालयांनीही शब्दच पाहिला. १८६८ मध्ये इंग्लंडात हिकलिन खटल्यात एक कसोटी ठरली. ज्यांची मने अशा वाईट प्रभावाला सहज बळी पडतात, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे काय, एवढेच पाहायचे. लेखकाचा हेतू काय, संपूर्ण पुस्तक काय सांगते, याला महत्त्व नव्हते. दोन ओळी वेगळ्या काढून त्यांवरून अख्ख्या पुस्तकाचा निवाडा करता येई.

याच कसोटीच्या छायेत १९४४ च्या अखेरीस मुंबईत राहणाऱ्या इस्मत चुगताई यांना लाहोरच्या न्यायालयाचे समन्स आले. गुन्हा होता १९४२ मध्ये 'अदब-ए-लतीफ' मासिकात आलेली 'लिहाफ' ही कथा. त्याच सुमारास सआदत हसन मंटो यांच्यावर 'बू' या कथेसाठी खटला भरला गेला होता. तेही तेव्हा मुंबईकरच. दोघे सोबतच लाहोरला गेले. 'लिहाफ'मध्ये एका उपेक्षित बेगमेचे एकाकीपण आहे, आणि ते एका लहान मुलीच्या नजरेतून सांगितले आहे. गंमत अशी की, फिर्यादी पक्षाला कथेत एकही अश्लील शब्द दाखवता येईना. इस्मत आपांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, एका साक्षीदाराने 'आशिक जमा करणे' या शब्दप्रयोगावर बोट ठेवले. वकिलाने विचारले, यातला नेमका कोणता शब्द अश्लील? उत्तर आले, 'आशिक'. खटला टिकला नाही.

मंटो यांच्या 'ठंडा गोश्त'ची गोष्ट उलट आहे. तिच्यातला ईशरसिंग रासवट भाषेत बोलतो, शिव्या देतो. दंगलीत लुटायला गेलेला माणूस अदबशीर भाषेत बोलणार तरी कसा? कथा संपते तेव्हा वाचकाच्या मनात वासना उरत नाही, थरकाप उरतो. पाकिस्तानात १९५० मध्ये खालच्या न्यायालयाने मंटोंना तीन महिने सक्तमजुरी आणि ३०० रुपये दंड ठोठावला. अपिलात ते सुटले. पुढे १९५२ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा दोषी धरून ३०० रुपये दंड केला. मंटोंच्या एकूण सहा कथांवर खटले झाले, तीन फाळणीपूर्वी आणि तीन फाळणीनंतर. सरकार बदलले, देश बदलला, कलम तेच राहिले.

इकडे स्वतंत्र भारतातही हिकलिनची कसोटी लगेच गेली नाही. १९६४ मध्ये मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी अश्लील ठरवली. निकाल लिहिला न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे उर्दू शायराचे चिरंजीव, पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. कलेत नग्नता आली म्हणजे ती आपोआप अश्लील होत नाही, असे त्यांनी मान्य केले, पण कसोटी जुनीच ठेवली.

सहा वर्षांनी त्यांच्याच समोर ख्वाजा अहमद अब्बास उभे राहिले. पानिपतच्या हालींच्या घराण्यातले हे लेखक-दिग्दर्शक. चार महानगरांतील श्रीमंती आणि गरिबी दाखवणारा छोटा माहितीपट त्यांनी काढला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीचे दृश्य कापा, असे सेन्सॉरचे म्हणणे. प्रकरण न्यायालयात असतानाच सरकार नमले आणि काटछाट न करता प्रमाणपत्र द्यायला तयार झाले. पण अब्बाससाहेबांना तत्त्वाचा निकाल हवा होता. २४ सप्टेंबर १९७० रोजी हिदायतुल्ला यांनी चित्रपटांची पूर्वतपासणी वैध ठरवली. मात्र काय दाखवले याबरोबर कसे आणि कशासाठी दाखवले, हेही पाहिले पाहिजे, कलेला जागा ठेवली पाहिजे, असे बजावले. अब्बास हरले, तरी त्यांचा मुद्दा निकालात शिरला.

वार्षिकांकाच्या वाचकांनी आणखी एक योगायोग ध्यानात घ्यावा. मंटोंची 'बू' १९४४ च्या 'अदब-ए-लतीफ'च्या सालनाम्यात आली होती. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही मराठी कादंबरी 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. तिला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरवले. समरेश बसू यांची 'प्रजापती' १९६७ मध्ये बंगाली 'देश'च्या शारदीय अंकात आली. तिच्यात रस्त्यावरची भाषा भरपूर. १९८५ मध्ये तिचा निकाल देताना न्यायालयाने प्रथमच ठळकपणे सांगितले की, असभ्य लेखन म्हणजे अश्लील लेखन नव्हे. असभ्य शब्दाने किळस येईल, धक्का बसेल; तेवढ्याने वाचक बिघडत नाही.

'बँडिट क्वीन'लाही १९९६ मध्ये हाच न्याय मिळाला. शिव्या आणि नग्नता त्यात अत्याचाराची चीड यावी म्हणून आहेत, हे मान्य झाले. २०१४ मध्ये हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिली. शेवटी 'कॉलेज रोमान्स' या वेब सिरीजचा खटला आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तिची भाषा अश्लील मानली होती. १९ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. राग, वैताग, उत्साह यांच्या भरात तोंडून निघणाऱ्या शिवीचा शब्दशः अर्थ घेऊन तिला अश्लील ठरवता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. त्याच वर्षी १ जुलैला जुनी दंडसंहिता गेली. २९२ वे कलम मात्र गेले नाही. नव्या न्याय संहितेत ते २९४ या क्रमांकाने नांदत आहे.

मग त्या बापाची तक्रार खोटी होती काय? मुळीच नाही. कायद्याने गुन्हा नाही म्हणून शिवी चांगली ठरत नाही. पण तिची वाईट बाजू कायदा शोधत होता तिथे नव्हतीच. आपल्या बहुतेक शिव्या बाईच्या देहावरून आहेत. भांडण दोन पुरुषांचे, बेअब्रू मात्र तिसऱ्याच घरातल्या आईची. पडद्यावर 'बीप' वाजवून आवाज झाकता येतो, हा तिरस्कार झाकता येत नाही. मुलांनी तो मोबाईलवर पाहण्याआधी चौकात, रिक्षास्टँडवर आणि कधी कधी घरातच ऐकलेला असतो. आणि विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, बाईचा असा उद्धार रोज उघड्यावर चालत होता तेव्हा कोणी लाहोरला समन्स धाडले नाही. एका बाईने बाईचे दुःख एकही शिवी न देता लिहिले, तेव्हा धाडले.

आम्ही सहकाऱ्यांशी बोललो. इस्मत आपांचे पुस्तक कपाटातच राहिले, मोठ्या वर्गांच्या रांगेत. त्या मुलाला आम्ही शिक्षा केली नाही. वर्गात सर्वांना एवढेच विचारले, शेवटचे भांडण झाले तेव्हा ज्यांच्या नावाने शिवी दिलीत, त्या बाईंनी तुमचे काय बिघडवले होते? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एकजण हळूच म्हणाला, "सर, त्यांना तर आम्ही कधी पाहिलंसुद्धा नाही."

त्या दिवसापासून शिव्या बंद झाल्या, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या वर्गात शिवी दिल्यावर थोडे शरमून मागे पाहणारी मुले आता दिसतात. सेन्सॉरची कात्री तिथपर्यंत पोहोचत नाही; ते काम घराचे आणि शाळेचे आहे.