पंगत आणि तपासणी : सातारा-सांगलीतील शालेय अन्नाचा इतिहास

शाळेतील मुलाच्या पोटात काय जाते हे पाहणे कोणाचे काम, या प्रश्नाच्या दृष्टीने सातारा व सांगली या जिल्ह्यांचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन 'दक्षिण सातारा' निर्माण झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. यास्तव दोहोंचा विचार एकत्र करणेच युक्त होय.

इंग्रजी अमदानीतील शाळा-तपासणी ही मुख्यतः अक्षरांची व अंकांची तपासणी होती. खेड्यापाड्यांत ज्यास 'दिपोटी' म्हणत, तो अधिकारी वाचन, गणित व हजेरीपट पाही. मूल उपाशी आहे काय, हा त्याच्या दप्तराचा विषय नव्हता. हिंदुस्थानात विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा आरंभ १९०९ साली बडोद्यास झाला, असे मानले जाते. तथापि १९४६ साली भोर समितीस देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नसल्याचेच आढळून आले.

मधल्या काळात या भागात एक निराळा प्रयोग झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. तत्पूर्वी दूधगाव येथील वसतिगृहाच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता. १९२४ साली त्यांनी साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींच्या मुलांचा स्वयंपाक एक व पंगतही एक असे, आणि स्वयंपाकघरातील कष्टांत मुलांचाही हात असे.

'पंगत' हा शब्द संस्कृत 'पंक्ति'पासून आला. त्याच कुळातील 'पंक्तिप्रपंच' या शब्दाने एकाच पंगतीत वाढताना केलेला भेदभाव दर्शविला जातो. समाजास ज्या दोषाची वारंवार प्रचीती येते, त्यासाठीच भाषा स्वतंत्र शब्द घडविते. या बोर्डिंगने तो दोष मुळाशी जाऊन नाहीसा करण्याचा यत्न केला. तेथे रांधणारा व जेवणारा एकच असल्याने अन्नातील उणीव झाकून ठेवणे कोणाच्याच हिताचे नव्हते. अर्थात अन्न सदैव पुरेसे असे, असा याचा अर्थ नव्हे. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने व अखेर मंगळसूत्रही मोडले, ही गोष्ट त्या चणचणीची साक्ष होय. १९३० साली त्यांचे निधन झाले.

पुढे ही जबाबदारी शासनाने स्वीकारली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी बहुतेक राज्यांत मुलांना कोरडे धान्यच मिळे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला. त्यात किमान ३०० कॅलरी व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असावीत, असे ठरविले. २००६ साली प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण ४५० कॅलरी व १२ ग्रॅम झाले. जुलै २०१३ मध्ये बिहारातील गंडामन येथे कीटकनाशकमिश्रित अन्नाने २३ मुले दगावली. त्यानंतर, वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, या नियमाचे गांभीर्य सर्वांस पटले. २०१५च्या नियमांनी प्रयोगशाळेत नमुने तपासण्याचीही तरतूद केली.

या सर्व तरतुदी आवश्यकच आहेत. कीटकनाशकाचा अंश किंवा प्रथिनांचे प्रमाण केवळ सहभोजनाने कळत नाही. तेथे प्रयोगशाळाच हवी. परंतु 'चाखणे' आणि 'जेवणे' या क्रियापदांतील अंतर दृष्टीआड होता कामा नये. चाखणाऱ्याचे काम एका घासात व नोंदवहीतील सहीत संपते. जेवणाऱ्यास पोट भरावयाचे असते. डाळ पातळ आहे, भात कच्चा आहे किंवा कोणाच्या ताटात कमी पडले, हे ज्याला तेथेच जेवावयाचे आहे त्यास कोणी सांगावे लागत नाही. तपासणीची नोंदवही अधिकृत असली, तरी तिची विश्वसनीयता शिक्षकाचे ताट त्याच पंगतीत मांडले जाण्यावर अवलंबून आहे, असे या दोन जिल्ह्यांच्या अनुभवावरून म्हणावयास हरकत नसावी.