जांभेकरांचा नॉर्मल वर्ग आणि नवा गणितशिक्षक

बाळशास्त्री जांभेकरांचे नाव आम्हां मराठीच्या अध्यापकांच्या तोंडी येते ते ‘दर्पण’ (१८३२) आणि ‘दिग्दर्शन’ (१८४०) यांच्या निमित्ताने. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत, हे आपण वर्गात एका वाक्यात उरकतो. १८४५ साली मुंबईतील नॉर्मल वर्ग, म्हणजे मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याचे काम, त्यांच्याकडे आले हे तर बहुधा सांगायचेच राहून जाते.

या कामाची पूर्वपीठिका वीस वर्षे मागची. जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याने शास्त्रीमंडळींना हाताशी धरून गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली, आणि १८२६ साली चोवीस शिक्षक तयार होऊन बाहेर पडले. चौदा मराठी मुलखासाठी, दहा गुजरातीसाठी. या शाळा आजच्या अर्थाने माध्यमिक नव्हेत. पण अडचण ओळखीची आहे. पंतोजींचे गणित तोंडी होते : पाढे, पावकी, निमकी, दिडकी. ते कच्चे होते असे मुळीच नव्हे; बाजारहाटात ते तत्काळ कामी येई. नव्या पुस्तकांत मात्र रीत होती, आणि रीतीमागचे कारणही. पाठ म्हणून दाखवणाऱ्याला कारण सांगता येईलच असे नाही. त्यामुळे शिक्षकाला आधी स्वतः विद्यार्थी होणे भाग होते, आणि त्यासाठी पुस्तक करणारी माणसे हाकेच्या अंतरावर होती. आमच्या मते त्या व्यवस्थेचे खरे बळ हेच.

मे १८४६ मध्ये जांभेकर निवर्तले. त्याच वर्षी भोसल्यांच्या नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी शाळा उघडली. पुढे १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते उभे राहिले, १८६२ साली मध्यप्रांतातही. खात्याने शाळा वाढवल्या, हे ऋण मान्यच करावे लागेल. पण नवख्या शिक्षकाच्या दारी आता सोबती नव्हे, तपासनीस येऊ लागला. ‘दिपोटी’ हा शब्द मराठीत रुळला तो काही प्रेमाने नव्हे!

आज बी.एड. दोन वर्षांचे आहे, शाळेतील अनुभवाचे आठवडेही वाढले आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने (२०२०) मार्गदर्शक शिक्षकांची कल्पना मांडली आणि २०२२ साली तिचा पथदर्शी प्रयोग निवडक केंद्रीय शाळांत सुरू झाला. महाराष्ट्रातील अनुदानित शाळेत मात्र नवा शिक्षक २००० सालापासून ‘शिक्षणसेवक’ म्हणून रुजू होतो. तीन वर्षे मानधन. मुदत उमेदवारीची आहे, पण ज्याच्या हाताखाली उमेदवारी करायची तो गुरू या योजनेत नाही.

आमच्या परिचयातील नागपूरच्या एका तरुण शिक्षिकेला आठवीच्या वर्गात विचारले गेले, ऋण गुणिले ऋण धन कसे? नियम तिला येत होता. कारण मुलांच्या भाषेत सांगता येईना. मुख्याध्यापकांनी अभ्यासक्रम पूर्ण करण्यास सांगितले. उत्तर मिळाले ते एका निवृत्त बाईंकडून, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, त्यांच्या घरी. बाईंनी आधी तिच्याकडून ऋण तीनचा पाढा उतरत्या क्रमाने म्हणून घेतला : तीन वेळा, दोन वेळा, एक वेळ, शून्य वेळा, आणि मग विचारले, आता पुढची पायरी कोणती?