अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कशात असतो?

घुमटावर घोरपडीऐवजी बकऱ्याचे कातडे चढवले की नाद बदलतो, हे आपणा गोमंतकीयांना सांगायला नको. घरी जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचेही असेच असते. फक्त त्यातले 'कातडे' कोणते, यावर हौशी मंडळींचे एकमत होत नाही. कोणी म्हणतो व्हॉल्व्ह, कोणी म्हणतो कपॅसिटर. मी कलाशाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. मला या वादाचे उत्तर इतिहासात सापडते.

साल १९४७. इंग्लंडमधल्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकाच्या एप्रिल आणि मे अंकांत डी. टी. एन. विल्यम्सन यांनी एका अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा दिला. शेवटी केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, ताकद १५ वॅट, विकृती ०.१ टक्क्याहून कमी. घरच्या टेबलावर सोल्डरिंग करणाऱ्यालाही तो जमण्यासारखा होता.

त्याचे मर्म 'निगेटिव्ह फीडबॅक'. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे यंत्राने पदरचे घातलेले वजा होते. कचेरीत टाइप केलेला मसुदा मूळ प्रतीशी ताडून पाहतात, तसेच हे. विल्यम्सननी ही दुरुस्ती २० डेसिबल ठेवली, म्हणजे दोष सुमारे दहापट कमी.

पण या फेऱ्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मरही येतो. अगदी खालच्या आणि अगदी वरच्या कंपनांना तो लहरीचा ताल मागेपुढे करतो. ताल पुरता उलटला की वजाबाकीची बेरीज होते. मग स्पीकरमधून मांडवीतल्या होडीच्या इंजिनासारखे 'फट् फट्' सुरू होते. या दोषाला नावच 'मोटरबोटिंग' आहे!

म्हणून विल्यम्सननी ट्रान्सफॉर्मरची मापे काटेकोर दिली : प्रायमरीचे इंडक्टन्स किमान १०० हेन्री, लीकेज ३० मिलिहेन्रीच्या आत. त्यासाठी तारेचे थर आलटून-पालटून गुंडाळावे लागत. काम किचकट आणि महागही. १९४९ साली अमेरिकेत केटी६६ऐवजी ८०७ व्हॉल्व्ह लावलेली आवृत्ती छापून आली, तीही नावाजली गेली. व्हॉल्व्ह बदललेला चालला. ट्रान्सफॉर्मर मात्र उत्तम प्रतीचाच लागला.

पुढे ट्रान्झिस्टर आले, तो ट्रान्सफॉर्मर बहुधा लागेनासा झाला आणि वाद कपॅसिटरच्या कंपन्यांवर येऊन ठेपला. कपॅसिटर बिनमहत्त्वाचा, असे माझे म्हणणे नाही. पण दुकानात पाकीट उघडण्यापूर्वी आराखड्यालाच विचारावे : बाबा रे, तुझा सगळा भार कोणत्या भागावर आहे? पदरचे पैसे आधी तिथे घालावेत.